बाबांची कवळी

माझा नवरा कवळ्या बनवतो. दातांचे डॉक्टर मापं घेऊन त्याच्याकडे पाठवतात आणि हा आमच्या मागच्या खोलीत बसून प्लास्टरचे जबडे ओततो, मेणात दात बसवतो, गुलाबी हिरड्या घडवतो. कामाला तोड नाही त्याच्या. त्याने केलेल्या दातांनी लोक सफरचंदं फोडतात, भांडतात, फोटोत हसतात. आणि माझे वडील, जे त्याच खोलीच्या भिंतीपलीकडे झोपतात, ते पाव दुधात बुडवून गिळतात.

"करतो गं. घरचंच तर काम आहे."

घरचं काम! बाहेरच्या कामासाठी दवाखान्याचा माणूस दारात येऊन उभा राहतो, म्हणून ते होतं. घरच्यासाठी कोण उभं राहणार?

बाबांचे उरलेसुरले दात काढले, जखमा भरल्या, कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी माप घेतलं, साचा झाला आणि फळीवर जाऊन बसला. पण दात काढल्यावर हिरड्या बसत जातात. साच्यातलं तोंड होतं तसंच राहतं, माणसाचं बदलतं. हे माझ्या नवऱ्याला कोणी शिकवायला नको, तोच दुनियेला शिकवतो. तरी साचा इतका पडून राहिला की बाबांच्या तोंडाशी त्याचा काही संबंध उरला नाही. पुन्हा माप घ्यायला गेलो तेव्हा डॉक्टर म्हणाले, "सगळ्या गावाला वेळेवर दात देणारा माणूस तुमच्या घरातच आहे ना हो?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नवरा मात्र खो खो हसला.

आळशी म्हणावं तर तसाही नाही तो. सुधारण्याचा त्याला भारी उत्साह. पहाटेचा गजर लावून झाला. गजर वाजायचा, मी उठायची. फोनवर एक अ‍ॅप घेतलं, ते चांगल्या सवयींना तारे द्यायचं. पाणी प्यायल्याचे तारे त्याने ढिगाने मिळवले. मग एक अख्खा रविवार खोली आवरण्यात गेला, कारण म्हणे पसाऱ्यात मन लागत नाही. संध्याकाळी बाबांचा नवा साचा खालच्या फळीवरून वरच्या फळीवर गेला होता. एवढीच प्रगती.

बाबांनी तोंडाला कुलूप लावलं होतं, ते मला बघवत नव्हतं. त्यांचा एक जिवलग मित्र आहे. दोघांनी एकाच छापखान्यात उभं आयुष्य काढलं, एकमेकांची टर उडवत. ते काका आजारी पडले आणि बाबा जाईनात. फोनवरही येईनात, शब्द फसफसतात म्हणून. "या बोळक्याने जाऊ? तो मला जन्मभर चिडवेल. दात आले की जातो."

काकूंचे फोन येत राहिले. आधी काका गॅलरीत बसतात म्हणाल्या, मग खुर्चीत बसतात, आणि एके दिवशी म्हणाल्या, "आता पडूनच असतात. डॉक्टरांनी हात टेकलेत. तुझ्या बाबांना विचारतात गं रोज."

फोन ठेवून मी मागच्या खोलीत गेले. नवरा कानात इअरफोन घालून व्हिडिओ बघत होता. चालढकल कशी सोडावी, यावर. माझं डोकंच फिरलं. मी फोन हिसकावून मेणाच्या डब्यात टाकला आणि तोंडाला येईल ते बोलले.

त्याने फोन डब्यातून काढून सदऱ्याला पुसला. मग म्हणाला, "बाहेरच्याची कवळी टोचली तर परत येते, घासून देतो, विषय संपला. बाबांची बिघडली तर रोज जेवताना ते माझ्यासमोर बसणार. एक शब्द बोलणार नाहीत. साचा हातात घेतला की तेच डोळ्यांसमोर येतं."

दया यायला हवी होती. मला आणखी राग आला. "आणि आता पाव गिळतात ते दिसत नाही? एक दात लाव. एकच. वाकडा तर वाकडा, मेणच आहे ना? मी इथे बसते."

मी स्टूल ओढून बसले. त्याने एक दात लावला, काढला, पुन्हा लावला. दुसऱ्या दिवसापासून चहा झाला की आधी बाबांचा दात, मग बाकीची दुनिया. तो कुरकुरायचा, मी दात-ओठ खात बसायची. एके दिवशी बुडवलं आणि दुसऱ्या दिवशी चार लावतो म्हणाला. मी म्हटलं, "हिरोगिरी नको. एकच लाव." पुढे पुढे मी स्टुलापर्यंत पोचायच्या आत तो बसलेला असायचा. वरची ओळ झाली, खालची झाली, मेणातले दात बाबांच्या तोंडात घालून बघितले आणि कवळी पक्की झाली.

कवळी अशी बसली की काय सांगू. बाबांनी आरशात बघितलं, गाल फुगवले, माझं नाव घेतलं. स्वच्छ. नवऱ्याने तोंड फिरवून डोळे पुसले.

"चला काकांकडे," मी म्हटलं.

"जरा सवय होऊ दे," बाबा म्हणाले. "सोमवारी जातो."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. म्हणजे नुसते दातच आडवे येत नव्हते. मित्राला तसं पडलेलं बघायची त्यांची छाती होत नव्हती, आणि माझ्या नवऱ्याने त्यांना आयती सबब दिली होती. "चप्पल घाला," मी ओरडले. "आत्ताच्या आत्ता."

आम्ही तिघं पोचलो, काकूंनी दार उघडलं. काका पलंगाला चिकटले होते. बाबा कॉटजवळ उभे राहिले आणि त्यांनी नवे दात दाखवत हसायचा प्रयत्न केला. काकांनी डोळे किलकिले केले, ओळखलं, आणि हसले. त्यांच्या तोंडात एकही दात नव्हता.

"यांचीही कवळी बसेना झालीय," काकू म्हणाल्या. "तुमच्यापुढे कसं बोलायचं म्हणून स्वतः फोनवर यायला नको म्हणायचे. मलाच करायला लावायचे."

काका काहीतरी फसफसले. मला कळलं नाही. बाबांना कळलं, कारण ते रडता रडता त्यांना शिवी देऊन बसले. मग त्यांनी दोन्ही दातांच्या ओळी तोंडातून काढल्या, न बघताच माझ्या नवऱ्याच्या हातात ठेवल्या आणि काकांच्या उशाशी टेकले. दोघं बोलू लागले. काका मध्येच झोपायचे, बाबा थांबायचे, काका जागे झाले की बाबा पुढचं बोलायचे.

नवरा ती ओली कवळी धरून भिंतीशी उभा होता. इतकं सुंदर काम त्याने आजवर केलं नव्हतं. "काका गॅलरीत बसत होते तेव्हाच बाबांना आणायला हवं होतं," तो हळूच म्हणाला.

हो, असं मी म्हणाले नाही. पण नाहीही म्हणाले नाही.