विधानभवनातले खलाशी

भाविकाने कपाळावर हात मारून घेतला. राहनाळ गावच्या गणपतीच्या मंडपात दामू डेकोरेटरने पुठ्ठ्याचं विधानभवन उभं केलं होतं आणि त्याच्या डोक्यावर भलामोठा घुमट बसवला होता.

"दामूदादा, मुंबईच्या विधानभवनाला घुमट नाही. मी फोटो दिला होता ना?"

"बगितला ना म्याडम. पन घुमट न्हाय लावला तर पब्लिकला वाटंल, गोडाऊनच हाय."

भाविकाला हसूसुद्धा आलं नाही. ती कॉलेजात इतिहास शिकवायची, म्हणून यंदाच्या देखाव्याचं निवेदन मंडळाने तिच्यावर सोपवलं होतं. आजवर बायकांच्या वाट्याला रांगोळी आणि हळदीकुंकू, बास. हे नीट पार पडलं तर कार्यकारिणीत एक तरी बाई शिरणार होती. फसलं तर 'बघितलंत ना' म्हणायला सगळे टपलेलेच होते.

घुमट उतरवेपर्यंत बॅनर आला. त्यावर 'मंत्रालयाचा इतिहास'! "एकच की ते," असं चार जणांनी चार वेळा सांगितलं. कायदे होतात ते विधानभवन, फायली झोपतात ते मंत्रालय, हे सांगून सांगून भाविकाच्या घशाला कोरड पडली.

पण खरा ताप म्हणजे कुमारदादा. मंडळाचा अध्यक्ष, तिचा चुलत दीर, आणि पुढच्या निवडणुकीत तिकिटावर डोळा. निवेदनातल्या एका ओळीवर तो अडून बसला. नरिमन पॉइंटला नवं विधानभवन होण्याआधी आमदार ज्या दगडी इमारतीत बसायचे, ती इंग्रजांनी मुळात खलाशांना राहायला बांधली होती, अशी ती ओळ.

"आमदारसाहेब उद्घाटनाला येतायत, भाविका. त्यांच्यासमोर खलाशी कशाला काढायचे?"

"दादा, तो इतिहास आहे. आणि आपल्याच गावची माणसं खाडीत रेती काढणाऱ्या बोटींवर खलाशी होती ना?"

"म्हणूनच सांगतो. जरा चांगला इतिहास घे."

चांगला इतिहास! जसा काही तो धामणकर नाक्यावर दुकानात टांगलेला असतो, रंग बघून घ्यायचा. भाविकाने ठाम नाही म्हटलं. तर तिच्या आवाजातल्या निवेदनाच्या रेकॉर्डिंगमधून ती ओळ परस्पर कापली गेली, आणि तिला कळलं ते तालमीत, स्वतःचाच आवाज टुणकन उडी मारून पुढे गेल्यावर. तिचं डोकं भणाणलं. घरी नवरा देवेश म्हणाला, "एक ओळ तर आहे, जाऊ दे." त्या संध्याकाळी तिने त्याच्याशी बोलणंच सोडलं.

उद्घाटनाला मंडप गच्च भरला. आमदार पहिल्या खुर्चीत, कुमारदादा त्यांच्या कानाशी. निवेदन सुरू झालं, दिवे लागले, आणि जेमतेम दोन वाक्यांत साउंडवाल्याचं मशीन बंद पडलं. तो वायरी उपटून पुन्हा खुपसत बसला. लोक कुजबुजायला लागले. कुमारदादाने घाम पुसत माइक भाविकाच्या हातात कोंबला. "तुला पाठ आहे ना? बोल, लाज राख."

भाविका बोलली. सगळं बोलली. कापलेली ओळ तर जरा सावकाशच.

"काय, खलाश्यांचा घर?" मागून आवाज आला. चांगदेवकाका उभे राहिले होते. उमेदीची सारी वर्षं रेतीच्या बोटीवर घालवलेला म्हातारा.

"हो काका. पण गोऱ्या खलाशांसाठी..."

गोरे-काळे ऐकायला काका थांबलेच नव्हते. म्हाताऱ्यांच्या रांगेत 'म्हंजे आपलाच घर!' असा एकच गलका झाला. आमदार मोठ्याने हसले, कुमारदादाला टाळी दिली. मग त्यानेही हसून घेतलं.

काका मात्र हसले नाहीत. भाविकाकडे बघत त्यांनी अगदी साधेपणाने विचारलं, "मंग आमाला तिथून भायेर कुनी काडला, बाय?"

भाविकाने माइक आमदारांपुढे धरला.