रेक्झीनची खोली

सिनेमाचा करार करतानाच मी श्रीवत्सला बजावलं होतं, "माझ्या कॉमिकमधली एक चौकटही बदलायची नाही." हा दिग्दर्शक इतका शब्दाला जागणारा निघाला, की माझी पानं भिंतीवर चिकटवून त्याने प्रत्येक चौकटीच्या कोनातूनच कॅमेरा लावला. हौस माझीच होती. आता इथे कानडी मुलखात, यशवंतपूरच्या थिएटरात, पहिल्या खेळाला, उजवीकडे अप्पा आणि डावीकडे त्यांचा मित्र यल्लाप्पा, अशा कात्रीत मी बसलो होतो.

कॉमिकमधला क्रूर बाप म्हणजे आमचे अप्पा, हंबीरराव. याच शहरातल्या शिवाजीनगरात गाड्यांची सीटकव्हरं शिवणारे. मी नाव बदललं होतं, चेहरा नाही. अभ्यास सोडून चित्रं काढली की ते मला दुकानामागच्या रेक्झीनच्या खोलीत कोंडायचे. बाहेरून कडी. आत चिकटवायच्या सोल्युशनच्या वासाने डोकं गरगरायचं. कॉमिक छापून आलं तेव्हा पहिली प्रत मी त्यांच्याच हातात दिली. "पोरांचं पुस्तक," म्हणत त्यांनी ती मशीनच्या डुगडुगत्या पायाखाली सारली. मला त्यांच्या तोंडून एकच शब्द हवा होता : चुकलं. पुस्तक वाचून नाही, तर निदान सिनेमा बघून.

पडद्यावर कडी लागली. मुलगा दारावर लाथा मारू लागला. उठून जावं, तर अप्पांचे गुडघे आडवे. नटाची मिशी, कानावरची पेन्सिल, सगळं हुबेहूब. शेवटी मुलगा मोठा होतो, बापाला त्याच खोलीत कोंडतो आणि दुकानाचं शटर ओढून निघून जातो. बाप आत हाका मारत राहतो. अप्पा टक लावून बघत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं.

दिवे लागले.

"यल्लाप्पा, ओळखलंस? तो मीच!" अप्पा मोठ्याने म्हणाले.

"हौदू, हो, तुम्हीच की!"

अप्पा माझ्याकडे वळले. डोळे ओले होते. आता 'चुकलं' म्हणतील, असं वाटलं.

"स्वल्प जास्तच कडक दाखवलास मला, गिरी. पण सरी, चालतंय."

"अप्पा, मी आत रडायचो."

"रडायचास की. मग गप्प व्हायचास. मग काय करायचास?"

खुणेच्या खडूने रेक्झीनच्या मागच्या कापडावर मी चित्रं काढायचो. माझ्या पहिल्या चौकटी तिथल्याच.

"तुला काय वाटलं, खडू आत आपोआप यायचा?" अप्पा म्हणाले. "कडी लावायच्या आधी मीच ठेवायचो."

खरं बोलत होते की आत्ता रचत होते, कळायला मार्ग नव्हता. लहानपणापासून जपलेल्या माझ्या रागाचा त्यांनी एका वाक्यात स्वतःचा उपकार करून टाकला. तेवढ्यात श्रीवत्सने फोटोसाठी हाक मारली. अप्पांनी माझ्या खांद्यावर हात टाकला, घट्ट, आणि सगळ्यांना सांगत सुटले, "याला मी घडवला."

मी फोटोत हसलो.