हेडफोनला शिवलेली खोळ

दत्तोबांचं सगळं आयुष्य ऐकण्यात गेलं होतं. बायकोचं सोडून त्यांनी बाकी सगळ्यांचं ऐकलं.

खंडाळ्याच्या घाटात, कॅच सायडिंगच्या केबिनवर त्यांनी एकतीस वर्षं काढली. काम सांगायला सोपं होतं. उतारावरून येणाऱ्या गाडीनं ठरलेली शिट्टी दिली, म्हणजे तिचे ब्रेक शाबूत आहेत असं समजायचं आणि सांधा बदलून तिला सरळ वाट द्यायची. शिट्टी आली नाही तर सांध्याला हात लावायचा नाही. मग ती सुटलेली गाडी चढावरच्या आडरुळावर जाऊन आपोआप थांबायची. म्हणजे पगार होता तो कानांचा. बोलायचं काम नव्हतंच, आणि वापर नसलेली वस्तू गंजते तशी दत्तोबांची बोलायची सवय गंजून गेली. भाजे गावी घरी आले तरी जेवायचे, झोपायचे आणि मळवलीहून गाडी धरून पुन्हा घाटात जायचे. रतनबाईंनी संसार केला तो जवळपास एकटीनंच.

रिटायर झाल्यावर तरी हा माणूस दोन शब्द बोलेल असं त्यांना वाटलं होतं. पण दत्तोबा घरी आले ते रेडिओ घेऊन. खंडाळ्यातल्या एका बंगल्याचे मालक कायमचे मुंबईला गेले, जाताना त्यांनी आपला जुना वाल्वचा रेडिओ दत्तोबांना दिला. चांगला पेटीएवढा रेडिओ, लावला की मिनिटभर तापायचा आणि मग खर्जात बोलू लागायचा. गावात वीज येऊन चारच वर्षं झाली होती. दत्तोबांनी आधी त्याच्यासाठी फळी ठोकली, मग घरातला दिवा बदलला.

रतनबाईंना अर्धशिशी होती. रेडिओ लागला की त्यांच्या कपाळाची शीर उडायची. त्या तक्रार करायच्या नाहीत, नुसत्या कपाळाला पट्टी बांधून कामाला लागायच्या. ती पट्टी दिसली की दत्तोबा ओशाळायचे. शेवटी लोणावळ्याच्या जुन्या बाजारातून त्यांनी मिलिटरीतला एक हेडफोन आणला आणि रेडिओचा स्पीकर सोडवून त्याच्या तारांना तो जोडला. काळा, वजनदार, वर लोखंडी पट्टी. घातला की डोकं अडकित्त्यात धरल्यासारखं व्हायचं आणि अर्ध्या तासात कानाच्या पाळ्या लालभडक. पण घर शांत झालं. दत्तोबांना त्यातून बाहेरचं काडीइतकंही ऐकू यायचं नाही. चहा झाला की रतनबाई येऊन गुडघ्यावर टकटक करायच्या. त्या हेडफोनला त्या झापडं म्हणायच्या, बैलाच्या डोळ्यांना बांधतात ती.

त्यांचा मुलगा हनुमंत पिंपरीच्या कारखान्यात होता. कंपनीनं त्याला सहा महिने जर्मनीला पाठवलं. तिथून येताना त्यानं बापासाठी नवा हेडफोन आणला. हातात घेतला तर वजनच नाही. कानाला टेकायला पिवळ्या स्पंजच्या गाद्या, आणि पाठीमागं झाकण असायला हवं तिथं नुसती भोकं.

"ह्याचं झाकन इसरला का काय रं?" दत्तोबांनी विचारलं.

"न्हाई बा. तो तसाच असतोय. मागनं उघडा ठेवला की आवाज मोकळा येतो म्हनं."

रतनबाईंनी तो उलटसुलट करून पाहिला. इतक्या लांबून आणलेल्या वस्तूला भोकं असावीत हे काही त्यांच्या मनाला पटलं नाही.

हनुमंतानं तो स्वतःच्या खिशातल्या ट्रांझिस्टरला लावून दाखवला, तर आतून डासाएवढा आवाज. दत्तोबांचं तोंड उतरलं. दुसऱ्या दिवशी ते लोणावळ्याला निवृत्तीच्या दुकानात गेले. निवृत्ती रेडिओ दुरुस्त करायचा आणि दुरुस्त करता करता त्या रेडिओची कुंडली मांडायचा. त्यानं मीटर लावला आणि हसला.

"आबा, हेडफोन चांगला आहे, जोडी चुकली. ह्याची तार केसासारखी बारीक आहे. ह्याला करंट थोडाच लागतो, पण दाब मोठा लागतो. दोन सेलच्या ट्रांझिस्टरमध्ये तेवढा दम कुठला? तुमच्या त्या म्हाताऱ्या वाल्वच्या रेडिओत आहे. उद्या येतो, मागे एक सॉकेट बसवून देतो. मधे कंडेन्सर टाकतो, म्हणजे कानाला झटका नको."

तो आला, सॉकेट बसवलं, सोडवलेल्या स्पीकरला बटण लावून तो बंद ठेवला, आणि दत्तोबांनी हेडफोन घातला. दुपारचं शास्त्रीय गाणं लागलं होतं. तबला जणू दोन हातांवर. गाणाऱ्या बाईंनी श्वास घेतला तो कळला. जुन्या हेडफोनमध्ये हेच गाणं डब्यात कोंडल्यासारखं यायचं, आता जणू ओसरीवरच बैठक बसली होती. आणि डोक्यावर काही आहे असं वाटतसुद्धा नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी ते असेच ऐकत बसले होते. रतनबाई शेजारी सुपात तांदूळ निवडत होत्या. दोन गाण्यांच्या मधे रेडिओ क्षणभर थांबला, आणि दत्तोबांना अगदी स्वच्छ ऐकू आलं.

"हनमंताची बायकू लय चांगली हाय, पन मला भेती. मी काय वाघीन हाय का? माज्या सासूला मी भ्याले, म्हनून ही मला भेती. आसं पुडं पुडं जातंया त्ये."

दत्तोबांनी मान वळवली नाही. रतनबाई सुपाकडे बघत बोलत होत्या. हे त्यांचं रोजचं असावं. झापडं घातलेला नवरा समोर बसला की काय वाटेल ते बोलावं, कुणाला ऐकू जाणार? त्या भोकांतून बाहेरचा आवाज आत येतो हे त्यांना ठाऊक असण्याचं काही कारण नव्हतं.

खरं म्हणजे तेव्हाच सांगायला हवं होतं. एवढा सरळ माणूस, शिट्टीशिवाय कधी सांध्याला हात न लावणारा. पण त्यांनी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी रेडिओचा आवाज इतका बारीक केला की नुसती कुजबुज उरावी, आणि डोळे मिटून ते बायकोचं ऐकत बसले.

काय काय ऐकलं त्यांनी त्या महिन्यात! रतनबाईंना भाकरीपेक्षा भात आवडतो, आणि त्या आयुष्यभर भाकरी खात आल्या. बेडशाच्या माहेरची एक चाफ्याची झाडं असलेली वाट त्यांना अजून स्वप्नात दिसते. दत्तोबा झोपेत हात उचलून सांधा ओढतात, आणि त्या तो हात धरून हळूच खाली ठेवतात. हे ऐकताना येणारं हसू लपवायला दत्तोबा गाण्याला दाद दिल्यासारखी मान हलवत. लग्नाला पस्तीस वर्षं झालेल्या बायकोच्या ते नव्यानं प्रेमात पडले होते. तेही चोरून.

मग एके दिवशी रतनबाईंनी ठकूचं नाव घेतलं.

ठकू त्यांची पहिली मुलगी. हनुमंताच्या आधीची. तीन वर्षांची असताना गोवरात गेली. दत्तोबा केबिनवर होते, बदली माणूस आला नाही, आणि ते घरी पोचले तेव्हा माती देऊन झाली होती. दत्तोबांच्या आईनं सांगितलं, पुढचं पोर जगायचं असेल तर गेलेल्या पोराचं नाव ह्या घरात घ्यायचं नाही. तीस वर्षं कुणी घेतलं नव्हतं. हनुमंताला तर बहीण होती हेसुद्धा माहीत नव्हतं.

"ठकू शेवटी येक बोलली," रतनबाई तांदळांना सांगत होत्या. "ह्यांनी कदी इचारलं न्हाई. सांगू कुनाला? रोज म्हनते आज बोलू, आन् जीभच उचलत न्हाई."

त्या थांबल्या. सूप पाखडलं आणि उठून गेल्या. दत्तोबांनी हेडफोन काढून मांडीवर घेतला. ठकू शेवटी काय बोलली? विचारावं तर आपण महिनाभर चोरून ऐकतोय हे कबूल करावं लागणार. मग रतनबाई पुन्हा त्यांच्यासमोर तोंड उघडतील कशाला? न विचारावं तर त्या सांगतील तेव्हा सांगतील. उद्या सांगतील, त्यांनी स्वतःला समजावलं.

पण दुसऱ्या दिवशी दुपारी रतनबाई लाजत पुढं आल्या आणि त्यांनी हेडफोन त्यांच्या हातात दिला. त्याला खोळ शिवलेली होती. मावळात आषाढ लागला की काडेपेटीपासून कपड्यांपर्यंत सगळ्याला बुरशी येते, आणि बाया हाताला लागेल ती वस्तू गुंडाळून ठेवतात. रतनबाईंनी दत्तोबांच्या निळ्या वर्दीचं जाड कापड घेतलं होतं, आत गोधडीसारखा कापूस भरला होता आणि दुहेरी टाके घालून दोन्ही पाठी बंद केल्या होत्या. एक भोक म्हणून उघडं ठेवलं नव्हतं.

"लेकानं येवढ्या लांबनं आनलाय. वल जायाची आत," त्या म्हणाल्या. "आवाजबी वाया जायाचा न्हाई आता."

त्या हातांकडे बघून दत्तोबा म्हणाले, "झकास झालंया."

आणि घालून बसले. कान भट्टीत ठेवल्यासारखे तापले. गाणाऱ्या बाई घोंगडीत तोंड खुपसून गाऊ लागल्या. समोर रतनबाईंचे ओठ हलत होते, आणि त्यांतला एकही शब्द आत येत नव्हता. दत्तोबांनी रेडिओ पुरता बंद करून पाहिला. तरी नाही. ठकूचं सांगून झालं असेल, की राहिलं असेल? त्यांना काही कळेना.

असे दहा दिवस गेले. मग ते हेडफोन पिशवीत घालून निवृत्तीकडे गेले. आवाज बिघडलाय एवढंच म्हणाले. निवृत्तीनं खोळ पाहिली आणि कपाळाला हात लावला.

"आबा, ह्याचा जीवच ह्या भोकांत आहे. ती बुजवलीत तर राहिलं काय? थांबा, ब्लेडनं दोन मिनिटांत काढतो."

"नगं," दत्तोबांनी हेडफोन ओढूनच घेतला. "तिनं शिवलंया. तू नगं हात लावू."

मळवलीला उतरून भाज्याच्या वाटेनं ते भर पावसात छत्री मिटूनच चालत राहिले. बायकोचा टाका परक्या माणसाला उसवू देता येत नाही, आणि बायकोचं बोलणंही असं चोरून घेता येत नाही, हे त्यांना एकदमच उमगलं. घरी आले ते भिजलेले, आणि अंग न पुसताच चुलीपाशी बसलेल्या रतनबाईंपुढं उभे राहिले.

"ठकू शेवटी काय बोलली?"

रतनबाईंच्या हातातली फुंकणी खाली पडली. "तुमाला कुनी सांगितलं?"

"तूच. त्या भोकांतनं भायेरचं समदं ऐकू येतं. म्हैनाभर मी तुजं बोलनं ऐकत व्हतो. रेडू बारीक करून."

रतनबाईंचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. "समदं?"

"भाताचंबी."

त्या उठल्या आणि मागच्या दारी निघून गेल्या. चार दिवस त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. स्वयंपाक करायच्या, ताट समोर सरकवायच्या. पूर्वीचा त्यांचा अबोला घरातल्या भांड्यांसारखा नेहमीचा होता, हा वेगळा होता. दत्तोबांनी रेडिओ लावला नाही. एवढं मात्र केलं की रोज स्वतः भाताचा टोप चढवला. दोनदा करपला. रतनबाईंनी करपलेला भातही मुकाट्यानं खाल्ला.

पाचव्या दिवशी दुपारी त्या हेडफोन घेऊन आल्या. खोळ उसवलेली होती, एकेक टाका सोडवून, कुठं ब्लेड न लावता. त्यांनी तो स्वतःच्या हातानं दत्तोबांच्या डोक्यावर घातला. केसांत अडकलेली पट्टी नीट केली.

"रेडू लावू नगा," त्या म्हणाल्या. "आन् माज्याकडं बगू नगा. तोंडाकडं बगून मला सांगता यायचं न्हाई."

त्या त्यांच्याकडे पाठ करून उंबऱ्याशी बसल्या. पागोळ्यांची टपटप भोकांतून आत येत होती.

"तापात व्हती. पानी पाजलं. मंग म्हनली, बा आला की मला उटीव. मी म्हनलं, उटीवते. मंग झोपली."

त्या पाठमोऱ्याच पुढं म्हणाल्या, "तुमी आलात, दारात हुबं ऱ्हायलात, आन् कुनाला कायबी इचारलं न्हाई. मला वाटलं, ह्या मानसाला कायबी वाटलं न्हाई."

"केबिनच्या फोनवर कळलं, पोर गेली म्हनून," दत्तोबा म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच ओळखू येईना. "बदली मानूस न्हवता. तीन गाड्या सोडल्या. तीन येळा शिट्टी ऐकली आन् तीन येळा सांधा वढला. चुकलो असतो तर शंभर मानसं गेली असती. चुकलो न्हाई. घरी आलो तवा आय म्हनली, नाव काडू नगंस. मला वाटलं, तुला माजा राग आला असंल. म्हनून बोललो न्हाई."

"आलता राग."

"अजून हाय?"

रतनबाईंनी पदरानं तोंड पुसलं. "आता इचारलंत न्हवं."

दत्तोबांनी हेडफोन काढून बाजूला ठेवला. "केस कुनावानी व्हते गं तिचे?" त्यांनी विचारलं. "मला आठवत न्हाईत."

रतनबाई वळून त्यांच्याकडे तोंड करून बसल्या आणि सांगू लागल्या.