गाला सफरचंदांची तोडणी

"ओढायचं नाही हो. तळव्यात धरून वर उचलायचं आणि जरा फिरवायचं. आपोआप सुटतं," मधुमतीने सांगितलं आणि तोडणीच्या बादलीचा पट्टा अजयच्या खांद्यावर अडकवला.

अजयने पहिलं सफरचंद तोडलं. हात थरथरला, पण फळ देठासकट आलं.

बर्मिंगहॅमच्या हॉस्पिटलात जन्मभर मोतीबिंदू काढलेला हा माणूस गेली दोन वर्षं घराबाहेर पडला नव्हता. उजव्या हाताला कंप सुटला आणि ऑपरेशन्स बंद झाली. मग मित्रांकडे जाणं बंद झालं, मंडळाचा गणपती बंद झाला, शेवटी कोपऱ्यावरचं दुकानसुद्धा. त्याची बायको मधुमती मात्र दर मोसमात वूस्टरशरमधल्या साराच्या बागेत जायची. मुलं लीड्सला शिकायला गेली तेव्हा वेळ जावा म्हणून ती इथे लागली होती. आता तोडणीची सुपरवायझर होती. यंदा माणसं कमी पडली. गाला जातीचं फळ झाडावर जास्त राहिलं की मऊ पडतं, मग सुपरमार्केट घेत नाही. "तुम्ही चला, मला खरंच गरज आहे," ती सहज म्हणाली, आणि काय मनात आलं कोण जाणे, तो बूट घालून गाडीत जाऊन बसला.

दोन दिवस तो मुकाट्याने तोडत होता. किरगिझस्तानहून आलेल्या पोरी भराभर पुढे जायच्या, त्याचं त्याला काही वाटत नव्हतं. घरी गेल्यावर पोटभर जेवत होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी साराने मधुमतीला बाजूला घेतलं. पॅकहाउसमधून निरोप होता, चौथ्या ओळीच्या पेटाऱ्यांत मार लागलेली फळं फार निघाली. चौथी ओळ अजयची. पेटाऱ्यात बादली रिकामी करताना त्याचा हात हलायचा आणि फळं आपटायची. डाग लगेच दिसत नाही, दुसऱ्या दिवशी उमटतो.

"मी बोलू का त्यांच्याशी?" साराने विचारलं.

"नको. माझ्या टीममधले आहेत, मीच बोलते."

ती ओळीकडे निघाली. आता पुरेशी माणसं आलीत, अशी थाप मारता आली असती. गुपचूप त्याच्या मागून जाऊन फळं निवडता आली असती. पण दुसरा कुणी असता तर तिने सरळच सांगितलं असतं.

"अहो, जरा थांबा. तुमच्या फळांना मार लागतोय. आता तोडणी नको."

त्याने बादलीचा पट्टा खांद्यावरून काढला. "हातामुळे?"

"हो. बादली रिकामी करताना."

तो पेटाऱ्याच्या कडेला टेकला. आता हे घरी चल म्हणणार, असं तिला वाटलं.

"ऑपरेशन थिएटरमध्ये मला असं कुणी सांगितलंच नाही," तो म्हणाला. "माझ्या केसेस आपोआप दुसऱ्यांकडे जायच्या. सगळे फार नाइस वागायचे. मी आत आलो की बोलणं थांबायचं. शेवटी मीच काय ते समजलो आणि रिझाइन केलं. तू निदान तोंडावर सांगितलंस."

मधुमतीने आवाज सुपरवायझरचाच ठेवला. "माझं बोलणं संपलं नाहीये. इथे पेटाऱ्यापाशी उभं राहायचं. सगळ्यांचा माल बघायचा. किडीचं भोक, चीर, डाग, जे दिसेल ते काढून ज्यूसच्या क्रेटमध्ये टाकायचं. ते आपटलं तरी चालतं."

तो हसला. "म्हणजे पुन्हा डोळ्यांचंच काम."

"जमेल?"

"बघू. नाही जमलं तर असंच सांग."

तासाभराने ती परत आली, तेव्हा एक पोरगी त्याच्याशी हुज्जत घालत होती. तिच्या बादलीतलं एक फळ त्याने काढलं होतं आणि ते चांगलं आहे असं तिचं म्हणणं होतं. अजयने फळ उन्हात धरून देठाजवळचं बारीक भोक दाखवलं. पोरीने ते नीट पाहिलं, खांदे उडवले आणि स्वतःच क्रेटमध्ये फेकलं. त्याने मान डोलावून पुढची बादली मागवली.

घरी निघाल्यावर गाव संपायच्या आत त्याला झोप लागली. तोंड अर्धवट उघडं, कॉलरला एक पान चिकटलेलं. मांडीवरचा उजवा हात झोपेत अगदी स्थिर होता. मोटरवेचं वळण आलं, तिकडून घर लवकर आलं असतं. मधुमतीने इंडिकेटर बंद केला आणि गाडी गावागावांतून जाणाऱ्या लांबच्या रस्त्याने सावकाश पुढे नेली.