पत्रूचे सागवानी पाय

मी खरं बोलायला लागले तेव्हा मोहल्ल्यातल्या बायकांना काळजी वाटू लागली.

त्याआधी साठ वर्षं माझ्या तोंडून कोणी सरळ वाक्य ऐकलं नव्हतं. सिंदेवाहीत आमचं बॅगा आणि छत्र्या दुरुस्तीचं दुकान होतं. पुढे बाबूभाई बसायचे, मागे मशीनवर मी चेन लावायची. बॅग न्यायला आलेल्या माणसाला मी दुरुस्तीसोबत एक गोष्टही बांधून द्यायची. ताडोब्याचा वाघ छत्री घेऊन आला होता, दांडा त्यानंच चावून ठेवला होता आणि मजुरीचं विचारलं तर माणसांची भाषा येत नसल्याचं सोंग केलं, अशा. लोक हसायचे. बाबूभाई मान खाली घालून चेनला मेण लावायचे आणि म्हणायचे, "खातून, एखाद्या दिवशी खरं बोलून पाहा, तोंडाची चव बदलेल."

सप्टेंबरात एका दुपारी ते खुर्चीत बसल्या बसल्या गेले. मी चहा आणून पुढे ठेवला. चहावर साय धरली तरी त्यांनी कप उचलला नाही, तेव्हा मला कळलं. मांडीवर न्यूझीलंडची फाईल उघडी होती.

ती फाईल चार माणसांची होती. आम्ही दोघं, शेजारचे श्रीहरीभाऊ आणि त्यांची गिरजाबाई. श्रीहरीभाऊ वनखात्याच्या तपासणी नाक्यावरून निवृत्त झालेले. चौतीस वर्षं फाटक खाली-वर केलं. त्यांचा मिथुन ऑकलंडला नोकरीला. चौघांनी तिकडे महिनाभर फिरायचं, दोन बेटं पाहायची, असं दोन वर्षांपासून ठरत होतं. बाबूभाई कधी नागपूरच्या पलीकडे गेले नव्हते, पण कुठल्या विमानतळावर किती चालावं लागतं हे त्यांना पाठ होतं.

आमच्यात नवरा गेला की बाईनं चार महिने दहा दिवस इद्दतीत बसायचं असतं. घराबाहेर पडायचं नाही, नटायचं नाही, परक्या पुरुषासमोर यायचं नाही. आमची दोन तिकिटं अकरमनं, माझ्या पोरानं, रद्द केली. त्यानं विचारलं, "अम्मी, करू?" मी म्हटलं, "कर." मला वाईटसुद्धा वाटलं नाही. दाढ काढायच्या आधी सुई दिली की गाल आपला असून आपला नसतो, तसं सगळं अंग झालं होतं. भाजीत मीठ आहे की नाही हे मी दुसऱ्यांना विचारायची.

बायका भेटायला यायच्या, थोडं रडायच्या आणि मग माझ्याकडे बघत बसायच्या. गोष्ट येईल म्हणून. मी सांगायची, आज गॅस संपला. पाऊस थांबला. शेवटी सून आफ्रीन म्हणाली, "अम्मी, काल तुम्ही झुलेखाबींना त्यांचं खरं वय सांगितलं. त्या रडत घरी गेल्या."

अडतिसाव्या दिवशी दुपारी गिरजाबाई वही आणि पेन घेऊन आली. त्यांच्या जाण्याला आठवडा उरला होता.

"खातूनबाई, जावं का नाई कळत नव्हतं. मिथुन म्हन्ते या. मले तर काईच समजत नाई. बाबूभाऊची फाईल काढ अन् सांग, काय न्यायचं, कसं बसायचं."

मी फाईल काढली आणि वाचून सांगू लागले. "औषधं हातातल्या बॅगेत ठेव. सगळी. मोठी बॅग कधी कधी भलत्याच देशात जाते, मग गोळ्याही तिच्यासंगं जातात. डॉक्टरची चिठ्ठी सोबत पाह्यजे, औषधांची नावं इंग्रजीत."

गिरजाबाई माझ्याकडे बघत राहिली. पेनाचं टोपणही काढलं नाही.

"काऊन लिहून नाई राह्यली?"

"तू गंमत करून राह्यली ना? आपण एका देशात अन् बॅग दुसऱ्या देशात? एसटीच्या टपावरची बॅगही आपल्यासंगंच उतरते."

"गंमत नाई व. खरं हाये."

"असू दे असू दे. पुढं सांग." ती मांडी बदलून ऐकायला बसली, जशी दुकानात बसायची.

मी पुढे वाचलं. भाऊंना शुगर आहे, ते विम्याच्या कागदावर लपवू नका, नाहीतर दवाखान्याची वेळ आली तर विमा हात वर करतो. विमानातलं शुगरवाल्यांचं जेवण दोन दिवस आधी सांगावं लागतं. गुडघे दुखत असतील तर चाकाची खुर्ची आधीच मागायची, त्याला लाजायचं काम नाही. मोबाईलची जास्तीची बॅटरी मोठ्या बॅगेत टाकायची नाही. पोहोचल्यावर कितीही झोप आली तरी तिथला सूर्य मावळेपर्यंत पडायचं नाही. आणि जोडे. जोड्यांचे तळवे ब्रशनं घासून न्यायचे, कारण तिकडे विमानतळावर जोड्यांची माती तपासतात.

इथे गिरजाबाईनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. "आई गं! जोड्याची माती! साहेब लोक वाकून वाकून पाह्यत असतीन!"

"पाह्यतात. गेल्या महिन्यात जंगलात, शेतात, गोठ्यात गेला होता का, असंही फॉर्मात विचारतात."

"मग आपल्या तालुक्यात 'नाई' कोण लिहीन व?"

"मी," मी म्हटलं. "अडतीस दिवसांपासून उंबरा ओलांडला नाई."

त्यावर ती इतकी हसली की आफ्रीन आतून पाहायला आली. आफ्रीनचा चेहरा उजळला. तिला वाटलं, अम्मी परतल्या. मी फक्त हिशोबानं खरं उत्तर दिलं होतं.

"बरं, पाणी," मी म्हटलं. "विमानात पाणी पीत राह्यजो."

"पाणी तर आम्ही नागपूरपासूनच बंद करणार. चंद्रपूरले एसटीनं जातो तरी सकाळपासून घोट घेत नाई. विमानात कोण घडीघडी उठन?"

"तेच सांगून राह्यली. दर दोन तासांनी उठायचं अन् चालायचं. नाईतर पायात रक्ताची गाठ होते."

"चालत्या विमानात चालायचं? सगळे एकाच बाजूनं चालले तं विमान कलंडन नाई का!" तिनं डोळे पुसले. "बस कर बाई. मिथुनच्या बाबानं मध घेतला त्याच्यासाठी, तो बांधायचा हाये. दोन बाटल्या, लुंगीत गुंडाळून."

"मध तिकडे चालत नाई, गिरजाबाई. मधमाश्यांचे रोग जातात म्हणून. लपवलेला सापडला तर जागच्या जागी दंड."

"आता मधमाश्याही आजारी पडल्या!" म्हणत ती कोरी वही घेऊन निघून गेली.

साठ वर्षं मी जे पेरलं होतं ते असं उगवलं होतं. अकरमला पाठवलं, तर श्रीहरीभाऊंनी विचारलं, "तुझ्या अम्मीनं सांगतलं का?" आणि पाठीवर थाप मारून परत पाठवलं. मिथुननं फोनवर सांगितलं, तर म्हणाले, "याले लहानपणी खातूनबाईनंच बिघडवलं." मधाचं जाऊ दे, दंड भरला असता. पण मी त्या माणसाला ओळखत होते. अकरा वर्षांची शुगर, आणि नाक्यावरच्या खुर्चीत बारा बारा तास न हलता बसायची सवय. शेजारच्या माणसाला 'जरा सरका' म्हणणं त्यांना जिवावर येतं. ते ऑकलंडपर्यंत तसेच बसले असते, तहानलेले आणि सभ्य.

दुसऱ्या दिवशी मी फाईल परत उघडली. शेवटच्या पानावर बाबूभाईंनी कामं वाटून लिहिली होती. गिरजाबाईकडे पासपोर्ट. खातूनकडे गोळ्या. स्वतःच्या नावापुढे एकच काम होतं: विमानात श्रीहरीला दर दोन तासांनी उठवणे.

ती ओळ मी दोनदा वाचली. मला काही झालं नाही. फक्त फाईल मिटवता येईना.

मी आफ्रीनला म्हटलं, "श्रीहरीभाऊंना बोलाव. म्हणावं, ओसरीवर बसा."

ते आले. आमच्या रीतीचा मान ठेवून दाराकडे पाठ करून, रस्त्याकडे तोंड करून बसले. मध्ये पडदा. गिरजाबाई उंबऱ्यावर, अर्धी इकडे अर्धी तिकडे.

"बोला बाई," ते म्हणाले.

मी तोंड उघडलं. काहीच येईना. दोरा संपल्यावर मशीन चालत राहावं आणि कापडावर नुसती भोकं पडावीत, तसं. थोड्या वेळानं मी म्हटलं, "भाऊ, वडशाकडचा पत्रू माहीत हाये तुम्हाला?"

"कोणता पत्रू?"

"जो तुमच्यासारखाच पोराकडे ऑकलंडले गेला. मध घेऊन, लुंगीत गुंडाळून."

उंबऱ्यावर गिरजाबाईच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या.

"नागपूरपासून पाण्याचा थेंब नाई घेतला. सिंगापूरनंतर दहा तास जागचा हलला नाई. बाजूले एक गोरी बाई झोपली होती, तिले कसं उठवायचं?"

"बराबर हाये त्याचं," भाऊ म्हणाले.

"पाय सुजले. पह्यले घोटे, मग पोटऱ्या. जोड्याची शिलाई उसवली. पाणी नसल्यानं रक्त डिंकासारखं झालं. उतरायची वेळ आली तं गुडघे वाकेनात. चादर काढून पाह्यते तं पायावर साल धरली."

"कायची साल?"

"सागाची. चार माणसांनी आडवा उचलून नाक्यावर आणला."

"नाका? तिथी नाका हाये?"

"मग काय हाये तो? फाटक हाये, टेबल हाये, कुत्रा हाये, साहेब हाये. कुत्र्यानं पाय हुंगला अन् खाली बसला. साहेबानं टेप काढला. घेर मोजला, लांबी मोजली. म्हणे, दोन नग सागवान, वाहतूक परवाना दाखवा."

पडद्यापलीकडे भाऊंनी खुर्ची थोडी सरकवली. मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता. मी पहिल्यांदाच ऐकणाऱ्याचा चेहरा न बघता गोष्ट सांगत होते.

"घेर किती?"

"बत्तीस इंच."

"पायाचा? माल चांगला होता. परवाना होता का?"

"कुठचा परवाना! फॉर्मवर लिहून बसला होता, सोबत काईच नाई. मग लुंगी सोडली. मध निघाला. म्हणे, मधही विनापरवाना, लाकूडही विनापरवाना. दोन्ही पायांवर हातोड्याचा शिक्का मारला अन् डेपोत लावला, लिलावाच्या तारखेपर्यंत."

"खोटं लिह्यलं ते चुकलं," श्रीहरीभाऊ गंभीरपणे म्हणाले. "माझ्या नाक्यावर जो उतरून सांगे, साहेब एवढं एवढं हाये, त्याले मी समज देऊन सोडो. जो झाकून ठेवे त्याची गाडी रिकामी करो."

"तिथंही तसंच. आहे म्हणणाऱ्याची चीज पाह्यतात, नाई चालत असन तं ठेवून घेतात, अन् माणसाले सोडतात. जोड्याले माती हाये म्हटलं तं धुवून देतात."

"धुवून देतात? सरकारी माणूस?"

"हो."

"कमाल हाये." मग म्हणाले, "पण त्या पत्रूले कोणी उठवलं काऊन नाई? एवढं विमान भरून माणसं."

ह्याचं उत्तर मी जुळवलं नव्हतं. तोंडातून आपोआप आलं.

"त्याचा एक दोस्त येणार होता संगं. उठवायचं काम त्याच्याकडे होतं. तो ऐन वेळेवर आला नाई."

रस्त्यावरून एक ऑटो गेला. गिरजाबाईनं माझ्याकडे पाहिलं आणि मग खाली जमिनीकडे.

"गिरजा," श्रीहरीभाऊ म्हणाले, "मध काढ त्या बॅगेतून." आणि मग, "दर किती तासांनी म्हणता बाई?"

"दोन."

"घड्याळ कोणतं धरायचं? सिंगापूरचं का आपलं?"

"आपलंच धरा."

गिरजाबाईनं टोपण काढलं. मी फाईल पहिल्या पानापासून परत वाचली आणि तिनं एकूण एक लिहून घेतलं; गोळ्या, चिठ्ठी, विमा, जेवण, जोडे. पत्रूच्या पायाचा घेरही लिहिला. तो खोडून टाक असं मी म्हणाले नाही.

सत्तेचाळिसाव्या दिवशी सकाळी फोन आला.

"पोचलो व! आता मिथुनच्या घरी हावो. इथी दुपार झाली, झोप आली हाये मरणाची, पण झोपत नाई मी."

"नाक्यावर काय झालं?"

"काई नाई. मिथुनच्या बाबानं सगळंच सांगतलं. सुपारी हाये, शुगरच्या गोळ्या हाये, मी रोज जंगलात फिरतो, सगळं. साहेबानं जोडे पाह्यले अन् परत दिले. हे म्हन्ते, माणूस कामाचा हाये, माझ्या नाक्यावर पाह्यजे होता."

"अन् विमानात?"

"काय सांगू बाई. मले झोपू दिलं नाई. दर दोन तासांनी उठे, मांगपर्यंत जाये, परत ये, अन् पुन्हा एकदा जाये. त्या हवाई बाईनं विचारलं, काका, काई हरवलं का? म्हन्ते, नाई, एक फेरी माझी, एक दोस्ताची."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"खातूनबाई? हाये का तिथी?"

"हावो. पाणी पेत होता का?"

"पेत होतो."

"आताही पी," मी म्हटलं आणि फोन आफ्रीनकडे दिला.

त्या दोघी बोलत राहिल्या. मी परातीतल्या वालाच्या शेंगा सोलायला घेतल्या. दुपारच्या भाजीला तेवढ्या पुरल्या असत्या. इद्दतीचे अजून त्र्याऐंशी दिवस होते.