दवावर चालला पंप

"अवो, तुमी प्लेटांवर खारं पानी वतलं?"

रळियातचा आवाज खाऱ्या, उघड्या रणावरनं थेट माझ्या मिठागरापर्यंत आला. हातातलं दंताळं टाकून मी पळालेच. त्या घरचं भांडण चुकवायचं म्हणजे पाप.

तिचा नवरा कुंवरजी ओल्या हातांनी उभा होता. पंप चालवणाऱ्या सोलरच्या प्लेटांवर धूळ बसली म्हणून या पठ्ठ्यानं मिठाच्या विहिरीतलं पाणी काढून त्या घासघासून धुतल्या होत्या. ओल्या होत्या तोवर आरशासारख्या चमकल्या. वाळल्या, आणि वर पांढराफेक थर! खाली पंप खोकत खोकत एकेक चूळ टाकत होता.

"मिठाच्या मुलखात मिठानं धुतलं, तर काय बिघडलं?" कुंवरजी म्हणाला.

"वाफ्यात नवं पानी पडलं न्हाई तर पिकत आलेलं मीठ कडू हुईल, हे बिघडलं!"

प्यायच्या पाण्याचं पिंप तळाला गेलेलं, आणि टँकरचा पत्ता नाही. कुंवरजीनं पिंपाकडं नुसतं बघितलं, तशी रळियात त्याच्या झाकणावर जाऊन बसली. "हात लावून बघा! प्लेटांनी पानी प्यायल्यावर आपन काय वारा प्यायचा?"

खाटेवरनं कुंवरजीची आई मोंघीबा म्हणाली, "त्यालाच चाटून काढू दे. जीभ लांब हाय त्याची."

मी पोट धरून हसले. कुंवरजीही हसला. रळियातच्या डोळ्यांत मात्र पाणी आलं. दिवाळीपासनं दोघं त्या वाफ्यात पाय जाळत होती. मग मलाही हसवेना.

दुसऱ्या दिवशी उजाडताना दाट धुकं होतं. रळियात दोरीवरची साडी काढायला गेली आणि पिळली, तर धार लागली. तिनं बोट जिभेला लावलं.

"भाभी, पळा! आभाळानं गोडं पानी धाडलंय!"

मी पोचले तर ती प्लेटांपाशी. दव तिरक्या काचांवरनं ओघळून खाली चिखलात चाललं होतं.

"आडव्या करा आधी! भाभी, गोणपाट नगं, ओरखडे पडतील. मऊ कापड पायजे." तिनं इकडंतिकडं बघितलं आणि नवऱ्याच्या डोक्यावरचा फेटाच ओढला.

"अगं, माझ्या लग्नाचा हाय!"

"लगीन वाचवायचं तर पुसा!"

फेट्याचं एक टोक त्याच्या हातात, दुसरं तिच्या. मी माझी जुनी ओढणी घेतली. पुसायचं, पिळायचं, पुन्हा पुसायचं. मीठ दवात विरघळून फडक्यांत उतरत होतं. मोंघीबा काठी टेकत आली आणि "कोपरा ऱ्हायला, कोपरा!" म्हणून सगळ्यांवर ओरडत सुटली.

धुकं विरलं, ऊन पडलं. पंपानं एक उचकी दिली, आणि नळीतनं हाताच्या जाडीची धार सुटली! कुंवरजी वाफ्यात उतरून नाचायला लागला. रळियातनं पदर खोचला, तीही उतरली. मग मी कशाला काठावर राहते?

त्याच्या पुढच्या दिवशी अंधार सरायच्या आत थाळीचा दणदणाट झाला. कुंवरजी सगळ्या आगरांवरनं फिरत होता. "उठा! दव पुसायला चला!"

आम्ही शिव्या घालत, फडकी घेऊन जमलो. प्लेटा ठणठणीत कोरड्या. त्या रात्री दव पडलंच नव्हतं.

कुंवरजी डोकं खाजवत उभा. मोंघीबानं चुलीवर चहाचं मोठं पातेलं चढवलं. रळियात हसता हसता माझ्या खांद्यावर कोसळली.

"भाभी, पंप तर चालू झाला," ती म्हणाली, "आता ह्यास्नी बंद कसं करायचं?"