दिलमायाचं सांगणं

"तुम्ही तिथल्या लोकांना काय शिकवलंत, तेवढं सांगा काका," सेजल म्हणाली आणि तिने मोबाइल काशीरामच्या पुढ्यात ठेवला.

वनखात्याने परदेशांत केलेल्या कामांचा इतिहास लिहायचं ठरलं होतं. महाडच्या कार्यालयातल्या सेजलकडे ते काम आलं. भूतानला, इथिओपियाला जाऊन आलेल्या साहेबांच्या हकिकती तिला मिळाल्या. मग कोणीतरी सांगितलं, पोलादपूरच्या रोपवाटिकेतला एक माळीही तरुणपणी नेपाळला गेला होता. म्हणून ती आज कापडे गावाच्या बाजूला, त्याच्या वाडीवर आली होती.

"शिकवलं म्हंजे, उतारावर चर कसं मारायचं, पिशवीतलं रोप मुळाला धक्का न लावता कसं लावायचं," काशीराम म्हणाला. "पण मी तिकडनं काय आणलं, ते घे लिहून."

नेपाळात तो दिलमायाच्या घरी राहायचा. ती रोपवाटिकेत मजुरीला होती, पदरात एक लहान मुलगा. एका पावसाळी सकाळी ती झऱ्यावरून रिकामी घागर घेऊन धावत आली आणि सगळ्यांना घराबाहेर काढू लागली. काशीराम जेवत होता. त्याला राग आला, पण तिने उष्ट्या हातालाच धरून त्याला ओढलं. "धमिलो पानी," एवढंच ती पुन्हापुन्हा म्हणत होती. गढूळ पाणी. दुपार व्हायच्या आत डोंगर खाली आला आणि घर गेलं. नंतर तिने त्याला समजावलं, भर पावसातही नितळ राहणारा झरा एकाएकी गढूळ झाला की डोंगर आतून सुटला समजायचं. मग भांडीकुंडी गोळा करत बसायचं नाही.

"आणि आपल्याकडे?" सेजलने विचारलं.

"दोन हजार एकवीसचा जुलै. तुला ठाव हाय तो पाऊस."

त्या दिवशी काशीराम झऱ्यावर गेला आणि जागीच थबकला. पाणी तांबडं झालं होतं. तो दारोदार फिरला. बाकीचे कुरकुरत का होईना निघाले, पण सोनाबाई हलेना. तिची सून पोटुशी होती, दिवस भरत आले होते.

"एवढ्या पावसात हिला कुठं नेऊ रे? पाऊस हाय, पाणी गढूळ व्हायचंच."

"माझ्या बापाच्या वेळंपासून ह्यो झरा गढूळ झाला नाय गो वयनी."

तरी ती उंबऱ्यातून हलली नाही. तेव्हा काशीराम चिखलात वाकला आणि त्याने तिचे पाय धरले. "मला यापरीस जास्त समजावता येत नाय. पण सुनेला भायेर काढ."

वाडीतल्या वडीलधाऱ्या माणसाने पाय धरलेले पाहून सोनाबाई गडबडली. तिने सुनेच्या डोक्यावर घोंगडी टाकली आणि निघाली. सगळे ओढ्यापलीकडच्या शाळेत पोचले. त्यांच्यामागे दरड आली आणि घरं गेली. माणसं तेवढी राहिली. मग महाडजवळच्या तळीये गावावर दरड कोसळून माणसं गेल्याची बातमी आली. आपण वाचलो याचा आनंद शाळेत कोणाला तोंडावर आणवेना.

"लोक म्हणतात, काशीरामनं वाचवलं," तो सेजलला म्हणाला. "मी म्हणतो, वाचवणारी बाय तिकडं नेपाळात हाय. तिला कळवायचं राहिलंय."

सेजलने मोबाइल उचलला. "तिथल्या वन कार्यालयाशी आपला अजून संपर्क आहे. मी शोधते तिला."

महिनाभराने ती पुन्हा आली. दरडीनंतर रस्त्यालगत नव्या घरांची वाडी वसली होती, तिथे काशीराम अंगणात बसला होता. तिने आधीच सांगितलं, "काका, दिलमाया गेल्या. दोन वर्षं झाली. पण त्यांचा मुलगा बीरबहादूर भेटलाय."

काशीरामने टोपी नीट केली आणि सेजलने व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर एक पन्नाशीकडे झुकलेला माणूस दिसला, डोळे थेट आईचे.

मोडक्यातोडक्या हिंदीत काशीरामने त्याला सगळं सांगितलं. झरा, तांबडं पाणी, सोनाबाईचे पाय. "तुम्हारी आमा ने बोला था, इसलिए हम लोग हैं," तो म्हणाला आणि त्याने फोनला हात जोडले.

बीरबहादूर गोंधळला. "काका, ये तो हमारे यहाँ सब की माँ बोलती है," तो म्हणाला. आईने काही मोठं केलं असेल, हे त्याला पटेना.

काशीरामने फोन वाडीकडे फिरवला आणि हाक मारली, "वयनी, नातीला घेऊन ये गो."

सोनाबाई आली. चार वर्षांची मुलगी तिने कडेवर उचलली आणि फोनपुढे उभी राहिली. "हिची आई तेव्हा दोन जिवांची होती," तिने मराठीतच सांगितलं. ते बीरबहादूरला कळलं की नाही कोण जाणे, पण त्याने डोळ्यांवरून मनगट फिरवलं.

तिच्यामागे वाडीतला मुरारी आला, त्याची बायको आली. शेजारच्या घरातल्या पोरी आल्या. एकेक जण पुढे यायचा, हात जोडायचा, बाजूला व्हायचा. शेवटच्या घरातून जानू आपल्या म्हाताऱ्या आईला हाताला धरून आणत होता. तिची पावलं हळू पडत होती. ती येईपर्यंत काशीरामने फोन तसाच धरून ठेवला.